संगणकाच्या वहीत वर्तुळं कशाला?



गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. पाडव्याच्या सकाळी शेजारच्या मळ्यातले तात्या घरी आले. हातात दोनशे पानी वही. चहा होईपर्यंत कांद्याच्या भावाचं, पाण्याचं, इकडचं तिकडचं बोलले आणि मग वही माझ्यापुढे उघडून म्हणाले, "मास्तर, तुम्ही या विषयातले. खरं काय ते सांगा. पोरगी कॉम्प्युटर शिकायला गेली. बँकेचं कर्ज काढलंय. आणि ही वही बघा. पानामागून पान नुसती वर्तुळं आणि बाण! कॉम्प्युटरचं चित्रसुद्धा नाही. वर याच विषयात पोरगी नापास झाली. त्या कॉलेजानं आम्हाला फसवलं तर नाही ना?"

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हळूच म्हणाली, "काका, पाठ केलं होतं सगळं. पण पेपरात जरा फिरवून विचारलं आणि काहीच सुचेना."

तात्यांचा प्रश्न रास्त होता. कर्ज काढणाऱ्या बापाला तो विचारण्याचा हक्क आहे. आणि खरं सांगायचं तर मीही विद्यार्थी असताना हा विषय असाच पाठ करून सुटलो होतो. आमचे शिक्षक पिवळ्या पडलेल्या कागदांवरून फळ्यावर उतरवत, आम्ही फळ्यावरून वहीत उतरवत असू. डोक्यातून काही जात नसे. पुढे स्वतः शिकवायची पाळी आली तेव्हा कुठे त्यातला अर्थ उमगला. म्हणून ठरवलं, या वर्तुळांविषयी तुम्हा सर्वांशीच बोलावं. गावोगावची मुलंमुली आता हे शिक्षण घेत आहेत; तात्यांसारखे पुष्कळजण असतील. रेडिओवर आकृती काढून दाखवता येत नाही ही मोठी अडचण होती. आता हे छापून तुमच्या हाती आलं आहे, तर कागद-पेन्सिल जवळ घेऊन बसा.

या विषयाला इंग्रजीत 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन' म्हणतात. आपण गणनेचा सिद्धान्त म्हणू. अभियांत्रिकीच्या संगणक शाखेत साधारण तिसऱ्या वर्षी तो येतो. पुढे एम.टेक.साठी 'गेट' नावाची परीक्षा असते, तिच्यातही तो असतो. या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही, संगणकही लागत नाही. तो विचारतो एवढंच, की यंत्राला काय काय जमेल, काय कधीच जमणार नाही, आणि जे जमेल ते किती वेळात जमेल. शेतात विहीर खणण्याआधी पाणी आहे का ते आपण पाहतो ना, तसाच हा प्रश्न आहे. आधी खोदून मग रडण्यात अर्थ नाही.

तात्यांना मी त्यांच्याच विहिरीवर घेऊन गेलो. मोटरीचा स्टार्टर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. हिरवं बटण, लाल बटण. कागदावर दोन वर्तुळं काढा. एकात लिहा 'बंद', दुसऱ्यात 'चालू'. 'बंद'कडून 'चालू'कडे एक बाण काढा आणि त्यावर लिहा 'हिरवं'. 'चालू'कडून 'बंद'कडे परतीचा बाण, त्यावर 'लाल'. मोटर चालू असताना कुणी पुन्हा हिरवं दाबलं तर? काही होत नाही. म्हणून 'चालू'मधून निघून 'चालू'मध्येच परत येणारा एक वाकडा बाण. आता लाईट गेली. स्टार्टर पडतो, म्हणजे 'चालू'कडून 'बंद'कडे आणखी एक बाण. लाईट आली तरी तो 'बंद'मध्येच राहतो, आणि रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन तुम्हाला विहिरीवर जावं लागतं.

आता 'ऑटो' बसवलेला शेजाऱ्याचा स्टार्टर घ्या. त्याला तिसरं वर्तुळ असतं, 'वाट पाहणे'. मोटर चालू असताना लाईट गेली की तो 'बंद'मध्ये न जाता 'वाट पाहणे'मध्ये जातो, आणि लाईट आली की पुन्हा 'चालू'. मध्ये कुणी लाल दाबलं तर मात्र 'बंद'. दोन्ही वेळा मोटर थांबलेलीच दिसते. पण एक स्टार्टर मालकाने थांबवला आहे आणि दुसरा विजेने थांबवला आहे. हा फरक यंत्राला कशामुळे कळतो? त्या एका जादा वर्तुळामुळे. वर्तुळ म्हणजे यंत्राची आठवण. हे वाक्य पोरीने वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं, आणि माझ्या मते निम्मा विषय तिथेच संपतो.

याला 'फायनाइट ऑटोमॅटन' असं भारदस्त नाव आहे. मोजक्या अवस्थांचं यंत्र, एवढाच अर्थ. गॅस नोंदवायला फोन करता तेव्हा 'मराठीसाठी एक दाबा' म्हणणारी बाई असते ना, तिच्यामागेही अशीच वर्तुळं आणि बाण असतात. तुम्ही एक दाबलात की बाणावरून पुढच्या वर्तुळात. चुकीचं बटण दाबलंत की फिरून तिथेच. (आणि कधी कधी बाई आपल्याला पुन्हा पहिल्या वर्तुळात आणून सोडते, ते त्या काढणाऱ्याच्या आळसामुळे.)

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आता तुमच्यासाठी एक खेळ सांगतो. शाळेच्या पटांगणात खडूने तीन मोठी वर्तुळं काढा. त्यांत ०, १, २ लिहा. एका मुलाला शून्यात उभं करा. दुसऱ्याने एक मोठी संख्या मनात धरायची आणि तिचे आकडे डावीकडून एकेक ओरडून सांगायचे. उभ्या मुलाने आपल्या पायाखालच्या आकड्यात तो मिळवायचा, तीनने भागायचं आणि जी बाकी उरेल त्या वर्तुळात उडी मारायची. समजा आकडे आले पाच, आठ, दोन, सहा, एक. शून्यात पाच मिळवले, बाकी दोन, दोनात उडी. दोन आणि आठ दहा, बाकी एक. एक आणि दोन तीन, बाकी शून्य. शून्य आणि सहा, पुन्हा शून्य. शून्य आणि एक, एक. मुलगा एकच्या वर्तुळात थांबला, म्हणजे ५८,२६१ ला तीनने भागलं तर बाकी एक. पडताळून पाहा.

यात गंमत अशी, की उड्या मारणाऱ्या मुलाला संख्या ठाऊकच नाही. मागचा आकडा कोणता होता तेही त्याला लक्षात ठेवावं लागत नाही. संख्या पाच आकडी असो की पाच हजार आकडी, त्याला लागतात तीनच वर्तुळं. 'किती आठवणीत काम भागतं' हा प्रश्न या विषयाच्या मुळाशी आहे, आणि चौथीतल्या मुलालाही तो पटांगणात समजतो. अमेरिकेतले गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५१ साली अशा यंत्रांना काय ओळखता येतं याचा नेमका हिशेब मांडला. १९५९ मध्ये मायकेल राबिन आणि डॅना स्कॉट यांनी त्यावर निबंध लिहिला, त्यासाठी दोघांना पुढे १९७६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आज तुमच्या फोनमध्ये एखादा शब्द शोधायला सांगता, तेव्हा तो शोध पुष्कळदा याच वर्तुळांच्या रीतीने चालतो.

मग वर्तुळांनी सगळंच जमतं का? इथेच पोरगी नापास झाली होती. पाठ्यपुस्तकात याला 'पंपिंग लेमा' नावाचं एक प्रमेय आहे, आणि ते पाठ करून लिहिणाऱ्यांची गणती नाही. आपण ते गुराख्याच्या तोंडून ऐकू.

गावची जनावरं सकाळी डोंगरात जातात, संध्याकाळी परत येतात. वेशीवर एक यंत्र बसवायचं आहे. एकेक जनावर बाहेर जाताना यंत्राला कळतं, एकेक परत येताना कळतं. शेवटी त्याने एवढंच सांगायचं, की गेली तेवढी सगळी आली की नाही. समजा यंत्राला दहा वर्तुळं आहेत. आता पाहा. एकही जनावर गेलेलं नाही तेव्हा यंत्र कुठल्या तरी एका वर्तुळात असेल. एक गेल्यावर कुठल्या तरी, दोन गेल्यावर कुठल्या तरी, असं दहा जाईपर्यंत. शून्यापासून दहापर्यंत हे झाले अकरा प्रसंग, आणि वर्तुळं दहाच. अकरा कोंबड्या दहा खुराड्यांत कोंडल्या तर कुठल्या तरी खुराड्यात दोन येणारच. तसे इथे कोणते तरी दोन प्रसंग एकाच वर्तुळात येणारच. धरा की चार जनावरं गेली तेव्हा आणि नऊ गेली तेव्हा यंत्र एकाच वर्तुळात होतं. वर्तुळ म्हणजे आठवण, हे आपण ठरवलंच आहे. म्हणजे चार गेली की नऊ गेली, हे यंत्राला आता सांगता येत नाही. संध्याकाळी चार परत आली. चार गेली असतील तर यंत्राने 'सगळी आली' म्हटलंच पाहिजे. पण मग नऊ गेली असली तरी ते 'सगळी आली' असंच म्हणणार. पाच जनावरं डोंगरात, आणि यंत्र म्हणतं सगळं ठीक!

"मग वीस वर्तुळं घ्या," तात्या म्हणाले. घ्या. वीस जनावरांच्या कळपावर तेच होईल. हजार घ्या, हजारांच्या कळपावर होईल. वर्तुळं मोजकी आहेत आणि कळपाला मर्यादा घातलेली नाही, तोवर यंत्र कुठे तरी फसणारच. हे कोणी प्रयोग करून पाहिलेलं नाही, पाहावंही लागत नाही. पोरीला मी म्हटलं, पेपरात प्रश्न कसाही फिरवून येऊ दे, तू आधी कोंबड्या आणि खुराडी कोणती ते शोध. लेमा आपोआप येतो.

गुराख्याला मात्र हे जमतं, आणि तो शाळेतही गेलेला नसतो. तो पिशवीत खडे टाकतो. जनावर गेलं, खडा आत. आलं, खडा बाहेर. पिशवी रिकामी झाली की हिशेब जुळला. मोजक्या वर्तुळांच्या यंत्राला अशी एक पिशवी दिली की त्याची ताकद एकदम वाढते. खरं तर ती पिशवी नव्हे, भाकरींची चळत म्हणा. जी शेवटी ठेवली ती आधी उचलायची. गणितात आपण साधा कंस, त्याबाहेर महिरपी कंस, त्याबाहेर चौकोनी असे कंस घालतो. शेवटी उघडलेला कंस आधी मिटावा लागतो. तिथे हीच चळत कामाला येते. संगणकाला दिलेली आज्ञावली नीट रचलेली आहे का, हे अशाच चळतीने तपासतात. पण चळतीलाही सीमा आहे. सकाळी गेली तेवढीच दुपारी पाण्यावर आली का, आणि तेवढीच संध्याकाळी घरी आली का, असं तिहेरी विचारलं, तर एका पिशवीत भागत नाही. दुपारचा हिशेब करताना खडे संपून जातात आणि संध्याकाळी पिशवी रिकामी!

या पायऱ्या भाषेच्या व्याकरणालाही लागू पडतात, असं भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५६ च्या सुमारास दाखवलं. इथे आपल्याकडे हमखास पाणिनीचं नाव निघतं. त्याच्या नियम रचण्याच्या पद्धतीचं संगणकातल्या नियमलेखनाशी साम्य आहे हे खरं, आणि १९६७ साली एका अमेरिकन जाणकाराने त्या लेखनपद्धतीला पाणिनीचं नाव जोडावं अशी सूचनाही केली होती. पण म्हणून पाणिनीने संगणक शोधला असं वर्गात सांगत सुटू नये. जे त्याने केलं तेच पुरेसं मोठं आहे.

आता पुढची पायरी, सर्वांत वरची. ती चढला तो ॲलन ट्युरिंग. जन्म १९१२, लंडन. वडील मद्रास इलाख्यात सनदी नोकर होते. आईवडील हिंदुस्थानात आणि मुलं विलायतेत दुसऱ्यांच्या घरी, अशी त्या काळच्या साहेब लोकांची रीत होती. ट्युरिंग केंब्रिजला गणित शिकला. जर्मनीतले थोर गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी एक प्रश्न टाकला होता. गणितातलं कुठलंही विधान द्यावं आणि ते सिद्ध होतं की नाही हे ठरलेल्या रीतीने, डोकं न चालवता, सांगता यावं, अशी रीत आहे का? ट्युरिंगने आधी विचार केला की 'डोकं न चालवता' म्हणजे काय. त्या काळी इंग्रजीत 'कॉम्प्युटर' म्हणजे यंत्र नव्हे, हिशेब करणारा माणूस. कारकून म्हणा. त्या कारकुनाच्या हातात त्याने काय दिलं? शाळकरी मुलाच्या गणिताच्या वहीसारखा चौकटींचा कागद! हे मी सोयीसाठी सांगत नाही. त्याच्या १९३६ च्या निबंधात मुलांच्या अंकगणिताच्या वहीचा खरोखरच उल्लेख आहे. वय तेव्हा अवघं तेवीस-चोवीस.

ट्युरिंगचं यंत्र म्हणजे आपलीच मोजकी वर्तुळं, आणि जोडीला न संपणारी चौकटींची पट्टी. एका वेळी एक चौकट पाहायची. तिथलं चिन्ह वाचायचं, हवं तर खोडून दुसरं लिहायचं, एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं, आणि बाणावरून पुढच्या वर्तुळात जायचं. बस्स. गुराख्याची पिशवी रिकामी होत असे. ही पट्टी पुन्हा मागे जाऊन वाचता येते, म्हणून तिहेरी हिशेबही जमतो. पण मोठी गोष्ट पुढे आहे. एका यंत्राचे नियम म्हणजे काय, तर चिन्हंच. ती पट्टीवर लिहिता येतात. मग असं एक यंत्र करता येतं, की ज्याला दुसऱ्या कुठल्याही यंत्राचे नियम लिहून दिले की ते त्याच्यासारखं वागतं. गिरणी दळते, घाणा तेल काढतो. दळायला सांगितलं म्हणून घाणा दळत नाही. पण तुमच्या खिशातला फोन बाजारभाव सांगतो, फोटो काढतो, हिशेब करतो, भजनही लावतो. एक यंत्र, अनेक कामं, ही कल्पना १९३६ साली कागदावर लिहिलेली होती. असं यंत्र मँचेस्टरला प्रत्यक्ष चालू झालं ते १९४८ च्या जूनमध्ये. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेलं गणकयंत्र १९६० साली चालू केलं. आधी वर्तुळं, मग यंत्र. तात्यांना हा क्रम ऐकून बरं वाटल्यासारखं दिसलं.

ट्युरिंगचं पुढचं आयुष्य मात्र बरं गेलं नाही. पुरुषाशी संबंध ठेवल्याबद्दल त्या वेळच्या इंग्लंडच्या कायद्याने १९५२ मध्ये त्याच्यावर खटला झाला. १९५४ च्या जूनमध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी तो वारला. राणीची माफी आली ती २०१३ मध्ये.

हिल्बर्टच्या प्रश्नाला ट्युरिंगचं उत्तर होतं 'नाही'. अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी त्याच वर्षी दुसऱ्या वाटेने तेच उत्तर काढलं. आज वर्गात हे ज्या रूपात शिकवतात ते रूप थोडं नंतरचं आहे, पण सोपं आहे. नीट सावकाश वाचा, दोनदा वाचा.

काही यंत्रं काम करून थांबतात. काही घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरतच राहतात. तुमचा फोन कधी कधी अडकतो आणि नुसतं चक्र फिरत राहतं, ते पाहिलं असेल. आता समजा कुणी विक्रेता आला आणि म्हणाला, माझ्याकडे 'जाणता' नावाचं यंत्र आहे. त्याला दोन कागद द्या. पहिल्यावर कुठल्याही यंत्राचे नियम, दुसऱ्यावर त्या यंत्राला काय खायला घालणार ते. जाणता बिनचूक सांगेल, ते यंत्र थांबेल की फिरत राहील.

आपण त्याचा जाणता विकत घेतो आणि त्याच्यापासून दुसरं यंत्र करतो. त्याचं नाव 'उफराट्या'. उफराट्याला एकच कागद द्यायचा, कुठल्याशा यंत्राच्या नियमांचा. तो त्याची नक्कल काढतो आणि दोन्ही कागद पोटातल्या जाणत्याला देऊन विचारतो, "या यंत्राला त्याचाच कागद खायला घातला तर?" जाणता म्हणाला "थांबेल", तर उफराट्या मुद्दाम बैलासारखा फिरत राहतो. जाणता म्हणाला "फिरत राहील", तर उफराट्या तिथल्या तिथे थांबतो. असा हा उलट्या काळजाचा.

आता उफराट्याला उफराट्याचाच कागद द्या. जाणता म्हणाला "थांबेल", तर उफराट्या फिरत राहतो. जाणता खोटा ठरला. जाणता म्हणाला "फिरत राहील", तर उफराट्या थांबतो. जाणता पुन्हा खोटा. तिसरं उत्तर नाही. उफराट्या बांधण्यात आपण काही जादू केलेली नाही. जाणता असेल तर उफराट्या होतोच. तेव्हा जाणताच नाही. विक्रेत्याला निरोप द्या.

लक्षात घ्या, आजची यंत्रं हळू चालतात म्हणून हे जमत नाही, असं नव्हे. शंभर वर्षांनी कितीही वेगवान यंत्र आलं तरी त्यालाही हे जमणार नाही. म्हणून 'आमचं यंत्र प्रत्येक आज्ञावलीतली प्रत्येक चूक बिनचूक शोधतं' असं कुणी म्हणाला, तर या विषयाची वही वाचलेली पोर त्याला तिथेच थांबवू शकते. ही शिकवण कर्जाच्या हप्त्याला महाग नाही, असं माझं मत.

जे थांबतं की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही, असं एक उदाहरण तुमच्या वर्गातही करता येतं. एक संख्या घ्या. सम असेल तर निम्मी करा. विषम असेल तर तिप्पट करून एक मिळवा. एकवर आलात की थांबा. सातपासून निघालात तर २२, ११, ३४, १७, ५२ असं चढत-उतरत सोळा पायऱ्यांत एकवर येता. सत्तावीसपासून निघा, तब्बल १११ पायऱ्या लागतात, आणि वाटेत संख्या ९,२३२ पर्यंत चढते! प्रत्येक संख्या शेवटी एकवर येते का? जगातल्या मोठमोठ्या गणित्यांना अद्याप सिद्ध करता आलेलं नाही. एखाद्या खोडकर वर्गाला तासभर शांत ठेवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. मुख्याध्यापकांना तो जूनमध्ये भेटतो. शाळेचं वेळापत्रक! अमुक गुरुजी दोन वर्गांवर एकाच तासाला नकोत, गणित शेवटच्या तासाला नको, एकच प्रयोगशाळा. कुणी तयार वेळापत्रक पुढे ठेवलं तर ते बरोबर आहे का, हे तुम्ही अर्ध्या तासात तपासता. पण तयार करायचं म्हटलं तर आठवडा जातो. सगळे क्रम लावून पाहायचे म्हणाल, तर नुसते वीस तास वीस जागी बसवायच्या रीती एकोणीस आकडी होतात. दर सेकंदाला एक कोटी रीती तपासणारं यंत्र घेतलं तरी साडेसात हजार वर्षं पुरणार नाहीत. मग एखादी शहाणी, झटपट युक्ती आहे का? १९७१ साली स्टीफन कुक यांनी, आणि स्वतंत्रपणे रशियात लिओनिद लेविन यांनी, दाखवलं की अशा अनेक अवघड प्रश्नांची गाठ एकमेकांशी बांधलेली आहे. एकाची झटपट युक्ती सापडली तर सगळ्यांची सापडली. वेळापत्रकाचा प्रश्नही, त्याच्या सर्वसाधारण रूपात, याच गोतावळ्यातला. तपासणं सोपं ते करणंही सोपं का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. अमेरिकेतल्या क्ले संस्थेने २००० साली त्यावर दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलं, ते अजून तसंच पडून आहे.

यातलं एक यश आपल्या देशातलं आहे. दिलेली संख्या मूळसंख्या आहे का, हे नक्की आणि झटपट सांगणारी रीत आहे का, हा जुना प्रश्न. २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या आय.आय.टी.तले मणींद्र अग्रवाल आणि नुकतेच पदवीधर झालेले त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना, यांनी ती रीत दिली. जगभर बातमी झाली. पोरीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "त्यांच्याकडे मोठा कॉम्प्युटर होता का?" मी म्हटलं, कागद होता.

तीन दिवस ती सकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसत असे. तिसऱ्या दिवशी तिला सातचा तक्ता करायला दिला. शिक्षकांनो, तुम्हीही करा. तीनला पायाखालचा आकडा तसाच चालतो, कारण दहाला तीनने भागून बाकी एक. सातला तसं नाही; पायाखालच्या आकड्याची आधी दसपट करायची, मग नवा आकडा मिळवायचा आणि सातने भागायचं. सात वर्तुळं लागतात. तिने ती काढली, मग माझ्या न सांगता पाचची काढायला घेतली, आणि मध्येच थांबून म्हणाली, "काका, नुसतं पाचने भाग जातो की नाही एवढंच विचारलंय ना? मग पाच वर्तुळं कशाला, दोनच पुरतात." हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. तात्या खांद्यावर उपरणं टाकून उभे होते. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि तीन वर्तुळं कशी खोडली गेली ते तिला पुन्हा सांगायला लावलं.

फेरपरीक्षा मे महिन्यात आहे. दरम्यान तिने मला कळवलं आहे की चारने भाग जातो की नाही, हे सांगायला चार वर्तुळं लागत नाहीत. किती लागतात ते मी इथे लिहीत नाही. पटांगण आहे, खडू आहे, मुलं आहेत.